चार ऑगस्टचा जामीन : न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी

आम्ही वाघोलीत राहतो आणि पुणे शहरातल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवतो. सकाळच्या बसने केसनंद फाटा, खराडी, चंदननगर, विमाननगर, रामवाडी असे करत आम्ही येरवड्याला पोहोचतो. तिथे उतरणाऱ्यांपैकी काही चेहरे आता ओळखीचे झाले आहेत. हातात कापडी पिशवी, पिशवीत घडी केलेले कपडे, प्लॅस्टिकच्या पाकिटात आधार कार्डाची झेरॉक्स. ही माणसे कारागृहात आपल्या माणसाच्या मुलाखतीला निघालेली असतात. कुणी बुरख्यात असते, कुणी नऊवारीत. थांबा एकच आणि चेहऱ्यावरची काळजीही एकच. आत असलेल्यांपैकी कितीतरी जणांना अजून कोणत्याही न्यायालयाने दोषी ठरवलेले नसते. तुरुंगाच्या भाषेत ते ‘कच्चे कैदी’ असतात.

काही दिवसांपूर्वी आठवीच्या वर्गात आम्ही लोकमान्य टिळकांविषयी शिकवत होतो. १८९७ साली टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, त्यांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली, एवढे सांगून पुढच्या मुद्द्याकडे वळणार, तोच मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. त्याने विचारले, ‘सजा होण्याच्या आधी टिळक कुठे होते? जेलमध्ये की घरी?’

वर्गात थोडे हसू झाले. आम्ही मात्र हसलो नाही. त्या मुलाचा मामा आत होता आणि त्याचा खटला अजून सुरू झालेला नव्हता, हे आम्हाला ठाऊक होते. त्याला पडलेला प्रश्न पुस्तकातला नव्हता, घरातला होता. बी.एड. करताना आम्ही पाठ टाचण काढायला शिकलो, फलक लेखन शिकलो, प्रश्न कसे विचारावेत हेही शिकलो. पण या प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. ‘उद्या सांगतो’ म्हणून आम्ही वेळ मारून नेली.

उत्तर शोधायला गेलो आणि आमची आम्हालाच लाज वाटली. टिळक खटल्याआधी जामिनावर बाहेर होते. तो जामीन देणारे न्यायाधीश होते न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी. तारीख होती ४ ऑगस्ट १८९७. आमच्या मुलांना रामशास्त्री प्रभुणे ठाऊक आहेत, आणि ते ठाऊक असलेच पाहिजेत. पेशव्यालाही दोषी ठरवायला न कचरलेला न्यायाधीश ही मराठी मुलखाची दौलत आहे. पण आपल्याच हायकोर्टातल्या तय्यबजींचे नाव आमच्या वर्गात एकाही मुलाला सांगता आले नाही. शिक्षकालाही ते ‘काँग्रेसचे तिसरे अध्यक्ष’ एवढ्या एका ओळीपुरतेच माहीत होते. म्हणून हा लेख.

बद्रुद्दीन तय्यबजींचा जन्म १० ऑक्टोबर १८४४ रोजी मुंबईत झाला. घराणे सुलेमानी बोहरा, मूळचे खंबायतकडचे. वडील तय्यबअली व्यापारी. त्या काळात आपल्या समाजातली बहुतेक मंडळी इंग्रजी शिक्षणाकडे संशयाने पाहत होती. इंग्रजी शिकलेला मुलगा दीनापासून दूर जाईल, ही भीती घराघरात होती. तय्यबअलींनी मात्र मुलांना परदेशी पाठवले. बद्रुद्दीन यांचे थोरले बंधू कमरुद्दीन विलायतेत जाऊन सॉलिसिटर झाले. सॉलिसिटर झालेल्या पहिल्या हिंदी माणसांत त्यांची गणना होते. बद्रुद्दीन आधी मदरशात उर्दू-फारसी शिकले, मग एल्फिन्स्टनमध्ये गेले आणि १८६० साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, इंग्लंडला रवाना झाले.

तिथे अभ्यास चांगला चालला होता, पण डोळ्यांनी दगा दिला. दृष्टी इतकी बिघडली की १८६४ मध्ये सगळे अर्धवट टाकून मुंबईला परतावे लागले. दुसरा कुणी असता तर वडिलांच्या पेढीवर बसला असता. बद्रुद्दीन पुन्हा बोटीवर चढले, मिडल टेंपलमधून १८६७ साली बॅरिस्टर झाले आणि त्याच वर्षी मुंबई हायकोर्टात वकिली करू लागले. हायकोर्टात वकिली करणारे ते पहिले हिंदी बॅरिस्टर. त्या हायकोर्टाला तेव्हा अवघी पाच वर्षे झाली होती, कारण त्याची स्थापना १८६२ची. भोवती सगळे गोरे बॅरिस्टर आणि त्यांत हा एकटा तेवीस वर्षांचा मुसलमान तरुण. ‘आपल्या मुलांना मोठ्या ठिकाणी कोण विचारणार?’ असे म्हणणारे पालक आजही आम्हाला भेटतात. त्यांना आम्ही ही गोष्ट सांगतो.

वकिलीत जम बसल्यावर तय्यबजी सार्वजनिक कामात आले. १८७३ मध्ये ते मुंबई नगरपालिकेत निवडून गेले. १८८२ मध्ये मुंबईच्या कायदे मंडळावर त्यांची नेमणूक झाली. १८८३ साली इल्बर्ट बिलाचा वाद पेटला. हिंदी न्यायाधीशांना मोफसलमधील गोऱ्या आरोपींचे खटले चालवता यावेत, एवढेच त्या विधेयकाचे म्हणणे होते. पण त्यावरून गोऱ्या समाजाने देशभर काहूर उठवले. मुंबईत विधेयकाच्या बाजूने जी सभा झाली तिच्यात फिरोजशहा मेहता, काशिनाथ त्रिंबक तेलंग आणि बद्रुद्दीन तय्यबजी हे तिघे बोलले. एक पारशी, एक हिंदू, एक मुसलमान. मुंबईच्या राजकारणात या तिघांची जोडी पुढे फार गाजली. १८८५ साली बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन उभी राहिली, तीही याच तिघांच्या पुढाकाराने. न्यायाधीशाने आरोपीची चामडी, जात, धर्म पाहू नये आणि आरोपीनेही न्यायाधीशाची पाहू नये, हा धडा तय्यबजींनी खुर्चीवर बसण्याच्या बारा वर्षे आधी जाहीरपणे गिरवला होता.

समाजाच्या तालीमचा विषय त्यांना सर्वांत जवळचा होता. १८७४ मध्ये मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम ही संस्था स्थापन झाली. कमरुद्दीन आणि बद्रुद्दीन हे बंधू, कोकणी मुसलमानांतले मोठे व्यापारी मोहम्मद अली रोघे अशी मंडळी तिच्या मुळाशी होती. १८८० मध्ये अंजुमनची शाळा सुरू झाली. बोरीबंदर स्टेशनासमोरची तिची दगडी इमारत आजही उभी आहे आणि अंजुमनच्या शाळा-महाविद्यालयांतून आजही हजारो मुले-मुली शिकत आहेत. बोहरा, कोकणी, मेमण, दख्खनी असे जमातीजमातींचे कप्पे ओलांडून एकत्र काम होऊ शकते, हे या मंडळींनी दीडशे वर्षांपूर्वी दाखवून दिले. आपल्या गावोगावच्या मशीद कमिट्यांनी आणि जमातींनी या गोष्टीचा विचार करावा असे आम्हाला वाटते.

१८८७ साली मद्रासला काँग्रेसचे तिसरे अधिवेशन भरले आणि तय्यबजी त्याचे अध्यक्ष झाले. काँग्रेसचे ते पहिले मुसलमान अध्यक्ष. त्याच सुमारास सर सय्यद अहमद खान यांनी मुसलमानांनी काँग्रेसपासून दूर राहावे असा पुकारा केला होता. दोघांमध्ये पत्रव्यवहार झाला. दोघेही मुसलमानांच्या शिक्षणासाठी झटणारे, दोघांचीही नियत साफ, पण मार्ग वेगळे. तय्यबजींचे म्हणणे असे की, ज्या प्रश्नांत सर्वांचे हित एक आहे तिथे मुसलमानांनी सर्वांबरोबर राहावे आणि ज्या ठरावाला मुसलमान समाज एकमुखाने विरोध करील तो काँग्रेसने चर्चेला घेऊ नये. १८८८च्या अलाहाबाद अधिवेशनात काँग्रेसने तसा नियम मान्य केला. मात्र त्याच वर्षी, समाजातला विरोध वाढताना पाहून, काँग्रेसची अधिवेशने निदान पाच वर्षे थांबवावीत, असेही त्यांनी ह्यूम यांना पत्राने कळवले होते. चरित्र लिहिणारे ही गोष्ट कधीकधी झाकून ठेवतात. आम्हाला ती झाकावीशी वाटत नाही. तय्यबजी माणूस होते आणि दोन बाजूंच्या ओढाताणीत तेही थकले होते.

जून १८९५ मध्ये तय्यबजी मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. या खुर्चीवर बसलेले ते पहिले मुसलमान. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १८९३ पासून तिथे होते. त्यांच्याआधी ती जागा तय्यबजींचे मित्र तेलंग यांची होती. त्या काळी हायकोर्ट म्हणजे प्रांतातले शेवटचे न्यायालय. त्याच्यावर फक्त लंडनची प्रिव्ही कौन्सिल. सर्वसामान्य माणसाच्या दृष्टीने हायकोर्टाचा शब्द हा शेवटचाच शब्द होता.

आता १८९७ सालाकडे येऊ. पुण्यात प्लेगने थैमान घातले होते. त्याच वर्षी फेब्रुवारीत सरकारने साथरोगाचा कायदा केला. हाच कायदा २०२० साली करोनाच्या काळात पुन्हा वापरला गेला, तेव्हा आपण सर्वांनी त्याचे नाव ऐकले. पुण्यात प्लेग कमिटीचा प्रमुख रँड होता. सोजीर घराघरात शिरून झडत्या घेत. माजघर, देवघर, जनानखाना काही सुटले नाही. रोगापेक्षा झडतीचे भय मोठे झाले. २२ जून १८९७ रोजी व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट तिथेच गेला, रँड ३ जुलैला मरण पावला. सरकार खवळले. मारेकरी सापडत नव्हते, तेव्हा नजर ‘केसरी’कडे वळली.

जूनमध्ये पुण्यात शिवराज्याभिषेकाचा उत्सव झाला होता. त्याचा वृत्तांत १५ जूनच्या ‘केसरी’त आला होता. उत्सवातल्या भाषणांत शिवाजी महाराजांनी अफझलखानाला मारले ते योग्य की अयोग्य याची चर्चा झाली होती आणि टिळकांनी ते योग्य ठरवले होते. या मजकुरावरून आणि सोबतच्या एका कवितेवरून सरकारने राजद्रोहाचे कलम लावले. २७ जुलैला टिळकांना मुंबईत अटक झाली. मॅजिस्ट्रेटने जामीन नाकारला. हायकोर्टात अर्ज गेला. न्यायमूर्ती पार्सन्स आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यापुढे त्या टप्प्यावर जामीन मिळाला नाही. मग प्रकरण सेशनकडे पाठवले गेले, तेव्हा बॅरिस्टर दिनशा दावर यांनी पुन्हा अर्ज केला. हा अर्ज न्यायमूर्ती तय्यबजींसमोर आला.

वाचक मित्रहो, इथे क्षणभर थांबून तय्यबजींच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. चारच वर्षांपूर्वी, ऑगस्ट १८९३ मध्ये, मुंबईत हिंदू-मुसलमानांची भीषण दंगल झाली होती. सरकार मुसलमानांना झुकते माप देते, अशी टीका त्या वेळी टिळकांनी ‘केसरी’तून केली होती. त्याच सुमारास सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला आणि त्यात वाजणाऱ्या मेळ्यांबद्दल आपल्या समाजात नाराजी होती. काँग्रेसमध्येही टिळकांचा गट आणि मेहता-तय्यबजींचा गट यांच्या वाटा वेगळ्या होत्या. आणि ज्या मजकुरावरून खटला होता तो मजकूर अफझलखानाच्या वधाचा. एखादा कच्च्या मनाचा न्यायाधीश म्हणू शकला असता, ‘आधी दोघांनी नाही म्हटले आहे, मी कशाला वाईट होऊ?’ सरकार खूश झाले असते आणि समाजातले काही लोकही. जामीन नाकारायला काहीच खर्च नव्हता. द्यायलाच होता.

तय्यबजींनी जामीन दिला.

त्यांच्या निर्णयामागचा विचार अगदी साधा होता. जामिनाच्या अर्जावर आरोपी दोषी आहे की नाही हे ठरवायचे नसते. ते खटल्यात ठरेल. आता पाहायचे ते एवढेच, की हा माणूस खटल्याच्या दिवशी हजर राहील की पळून जाईल? टिळकांसारखा माणूस पळून जाईल असे मानायला काही कारण नव्हते. शिवाय महिनाभर आत ठेवून उद्या ज्युरीने त्यांना निर्दोष सोडले, तर त्या महिन्याची भरपाई कोण करणार? मग तो न्याय न होता न्यायाचा पराभवच ठरेल. म्हणून योग्य हमी घ्यावी आणि माणसाला सोडावे, म्हणजे त्याला आपल्या बचावाची तयारीही करता येईल. गिरणी मालक द्वारकादास धरमसी टिळकांसाठी जामीन राहिले आणि टिळक बाहेर आले.

यात तय्यबजींनी टिळकांच्या मताला पाठिंबा दिला नाही. अफझलखानाबद्दल ते काही बोलले नाहीत. टिळक चांगले की वाईट हेही त्यांनी सांगितले नाही. आमच्या मते हाच या निर्णयाचा मोठेपणा आहे. मैत्री म्हणून दिलेला जामीन ही मेहरबानी झाली असती. टिळक त्यांचे मित्रही नव्हते आणि त्यांच्या गटाचेही नव्हते, म्हणूनच तो इन्साफ ठरला. ज्याच्याशी आपले जुळत नाही त्याच्या बाबतीतही अदल सोडू नका, ही शिकवण आपण सगळे मक्तबात लहानपणी ऐकतो. ऐकणे सोपे असते. त्या दिवशी एका माणसाने ती हायकोर्टाच्या खुर्चीवर बसून पाळली.

न्यायमूर्ती रानड्यांना इथे कमी लेखायचा आमचा हेतू नाही. त्यांच्यासमोर प्रकरण आले तेव्हा मॅजिस्ट्रेटसमोरची चौकशी संपलेली नव्हती. हिंदू न्यायाधीशाने नाकारले आणि मुसलमान न्यायाधीशाने दिले, अशी शेखी मिरवण्यासाठी ही गोष्ट सांगितली तर तय्यबजींचाच अपमान होईल.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. सप्टेंबरमध्ये न्यायमूर्ती स्ट्रेची यांच्यासमोर खटला चालला. ज्युरीत सहा युरोपियन आणि तीन हिंदी. निकालही सहा विरुद्ध तीन असाच आला. सरकारविषयी ‘अप्रीती’ म्हणजे ‘प्रीतीचा अभाव’, असा अर्थ स्ट्रेचींनी ज्युरीला समजावून सांगितला. मग सुटणार कोण? १४ सप्टेंबर १८९७ रोजी अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. डोंगरी, भायखळा आणि मग आमच्या रस्त्यावरचे येरवडा, असा टिळकांचा तुरुंगातला प्रवास झाला. सप्टेंबर १८९८ मध्ये मुदतीच्या आधी त्यांची सुटका झाली. त्याच वर्षी सरकारने राजद्रोहाचे कलम आणखी रुंद करून घेतले.

म्हणजे तय्यबजींच्या जामिनाने टिळकांची शिक्षा टळली नाही. मग त्याचा उपयोग काय झाला? आमच्या वर्गातल्या मुलानेही हेच विचारले असते. उपयोग असा की तो निर्णय कागदावर राहिला. १९०८ साली टिळकांना पुन्हा राजद्रोहासाठी अटक झाली, तेव्हा त्यांच्या जामिनासाठी बॅरिस्टर महंमद अली जिना उभे राहिले. त्यांनी आधार घेतला तो तय्यबजींच्या १८९७च्या निर्णयाचा. न्यायाधीशाच्या खुर्चीवर होते दिनशा दावर. होय, ज्यांनी अकरा वर्षांपूर्वी टिळकांच्या बाजूने तोच युक्तिवाद करून जामीन मिळवला होता, तेच दावर. या वेळी त्यांनी जामीन नाकारला आणि २२ जुलै १९०८ रोजी टिळकांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. टिळक मंडालेला गेले. वकील म्हणून जो माणूस एक तत्त्व मांडतो, तोच खुर्चीवर बसल्यावर ते विसरू शकतो. तय्यबजींच्या बाबतीत तसे घडले नव्हते. इल्बर्ट बिलाच्या सभेत जे बोलले ते खुर्चीवरही त्यांच्या लक्षात होते.

या कहाणीचा आणखी एक धागा आहे. टिळकांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, जुलै १९५६ मध्ये, मुंबई हायकोर्टाच्या ज्या दालनात टिळकांना १९०८ साली शिक्षा झाली होती, तिथे एक संगमरवरी फलक लावण्यात आला. ज्युरीने दोषी ठरवल्यावरही मी निर्दोष आहे असे टिळकांनी जे बाणेदारपणे सांगितले, ते शब्द त्यावर कोरले आहेत. त्या फलकाचे अनावरण केले मुख्य न्यायमूर्ती महंमदअली करीम छागला यांनी. ज्या न्यायालयाने शिक्षा दिली त्याच न्यायालयाच्या प्रमुखाने भिंतीवर आपल्या पूर्वसूरींची चूक कबूल केली. १८९७चा जामीन तय्यबजींचा, १९०८चा युक्तिवाद जिनांचा आणि १९५६चा फलक छागलांच्या हातून. टिळकांच्या इतिहासातून ही तीन नावे वगळली तर तो इतिहास पुरा होत नाही. आणि आपल्या समाजाच्या इतिहासातून टिळकांचे खटले वगळले तर तोही पुरा होत नाही.

तय्यबजींची पुढची वर्षेही कामातच गेली. १९०२ मध्ये त्यांनी मुंबई हायकोर्टाचे हंगामी मुख्य न्यायाधीश म्हणून काम पाहिले. त्या पदावर बसलेले ते पहिले हिंदी. १९०३ साली मुंबईत मोहमेडन एज्युकेशनल कॉन्फरन्स भरली, तिचे ते अध्यक्ष होते. न्यायाधीशाच्या पदावर असतानाही तिथे त्यांनी मुलींच्या शिक्षणाची बाजू मांडली आणि पडद्याच्या अतिरेकावर टीका केली. घरात त्यांनी तेच आधी केले होते. आपल्या मुलींना त्यांनी शिकवले होते. समाजातून बोलणी खावी लागली, ती त्यांनी खाल्ली. ऑगस्ट १९०६ मध्ये लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे पुतणे अब्बास तय्यबजी हे बडोदा संस्थानात मुख्य न्यायाधीश होते आणि १९३०च्या मिठाच्या सत्याग्रहात, वयाची पंचाहत्तरी उलटल्यावर, तुरुंगात गेले. चिरंजीव फैज तय्यबजी हेही पुढे मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले.

हे सर्व आज का सांगायचे?

आज जामीन हा शब्द आपल्या समाजात घराघरात पोहोचला आहे. मालेगावचेच पाहा. सप्टेंबर २००६ मध्ये तिथे बॉम्बस्फोट झाले. नऊ मुसलमान तरुणांना अटक झाली. त्यांना जामीन मिळाला २०११ साली. २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांना आरोपातून मुक्त केले, तोवर एक जण हयात नव्हता. आधी पाच वर्षे तुरुंगात, नंतर पाच वर्षे तारखांच्या चकरांत. १८९७ साली तय्यबजींनी एका महिन्याविषयी जो प्रश्न केला होता, तो इथे वर्षांच्या हिशेबाने उभा राहतो. ही भरपाई कोण करणार?

पण वाचकहो, तय्यबजींचे नाव घ्यायचे तर पुढचा अवघड घासही गिळावा लागतो. मालेगावातच सप्टेंबर २००८ मध्ये दुसरा स्फोट झाला. सहा जणांचे जीव गेले. त्यात पकडलेले आरोपी दुसऱ्या समाजातले होते. त्यांच्यातल्या प्रमुखांना २०१७ मध्ये, सुमारे नऊ वर्षांनी, जामीन मिळाला, तेव्हा आमच्या ओळखीतल्या अनेकांना राग आला. आम्हालाही आला, खोटे कशाला बोलावे? ३१ जुलै २०२५ रोजी विशेष न्यायालयाने सातही आरोपींना निर्दोष सोडले, तेव्हा मेलेल्यांच्या घरच्यांचे दुःख पाहवत नव्हते. ‘मग आमच्या माणसांना मारले कुणी?’ हा त्यांचा सवाल रास्तच आहे आणि त्याचे उत्तर तपास यंत्रणेने दिलेच पाहिजे. पण खटला संपल्याशिवाय नऊ वर्षे तुरुंग, ही गोष्ट आपल्या पोरांसाठी जुलूम असेल तर ती त्यांच्यासाठीही जुलूमच. आपल्या माणसापुरते ज्याला तत्त्व आठवते, त्याच्याजवळ तत्त्व नसते, फक्त माणूस असतो. अफझलखानाच्या वधाचे समर्थन करणाऱ्याला जामीन देताना तय्यबजींचा हात कापला नाही. आपला कापतो. तिथेच आपली परीक्षा आहे.

आता व्यवहाराचेही दोन शब्द सांगू. स्वातंत्र्यानंतर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने जामीन हा नियम आणि तुरुंग हा अपवाद, असे १९७७ साली सांगितले. १९७९ साली बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षे पडलेल्या कच्च्या कैद्यांची याचिका आली. ती ज्या नावाने ओळखली जाते ते नाव आहे हुसैनारा खातून. एका सामान्य मुसलमान बाईचे नाव आज देशातल्या प्रत्येक विधी महाविद्यालयात शिकवले जाते, कारण त्या खटल्यात खटला लवकर चालणे हा आरोपीचा मूलभूत हक्क ठरला. टिळकांवर लागलेले राजद्रोहाचे कलम सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२२ रोजी स्थगित ठेवले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते त्या नावाने नाही, पण कलम १५२ मध्ये त्याच्या जवळचा गुन्हा आहे. त्याच दिवशी लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७९ सांगते की, पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला जातमुचलक्यावर सोडावे. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकाहून अधिक खटले असलेल्यांना ही सवलत नाही. तसेच कोठडीत असलेल्या प्रत्येकाला मोफत वकील मागण्याचा हक्क १९८७च्या कायद्याने दिला आहे. त्यासाठी जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. येरवड्याच्या थांब्यावर उतरणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल? आपल्या मोहल्ल्यातल्या एखाद्या शिकल्या-सवरल्या मुलाने आठवड्यातून एक संध्याकाळ मशिदीच्या अंगणात बसून लोकांना एवढे समजावून सांगितले तरी तय्यबजींच्या कामाचा एक धागा पुढे जाईल.

दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गात गेलो आणि त्या मुलाला उत्तर दिले. ‘खटल्याच्या आधी टिळक घरी होते. कारण एका न्यायाधीशाने सांगितले की, गुन्हा शाबीत होईपर्यंत माणसाला उगाच आत ठेवू नये.’ मग फळ्यावर नाव लिहिले : बद्रुद्दीन तय्यबजी. मुलांनी वहीत उतरवून घेतले. तो मुलगा थोडा वेळ फळ्याकडे पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, ‘असे न्यायाधीश अजून असतात का?’

आम्ही ‘असतात’ असे म्हणालो. ते खरे आहे अशी आमची श्रद्धा आहे. त्यांची संख्या वाढायची तर आपल्या वर्गांतून, आपल्या घरांतून तशी मुले तयार व्हायला हवीत. तय्यबजीही कधीतरी मदरशाच्या चटईवर बसलेले एक मूलच होते.

आता येरवड्याचा थांबा आला की आम्हाला १८९८ सालचा कैदी आठवतो आणि त्याला महिनाभराची का होईना, मोकळी हवा देणारे न्यायमूर्तीही आठवतात. बस पुढे बंडगार्डनच्या पुलाकडे निघते. पिशव्या घेतलेली माणसे कारागृहाच्या रस्त्याला लागलेली असतात.